वेग मोजावा कसा?

बास्केटबॉलचा खेळ जन्माला आला तेव्हा त्यात धावण्याला जवळजवळ बंदीच होती, असे सांगितले तर आजच्या मुलांना ते खरे वाटणार नाही. पण हकीकत तशी आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक व्यायामशिक्षक आपल्या अठरा विद्यार्थ्यांना घेऊन बंद दालनात उभे होते. बाहेर बर्फ. आत तीच ती कवायत करून मुले कंटाळलेली. फुटबॉल आत खेळावा तर हातपाय मोडायचे. तेव्हा नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्यांतला एक नियम असा, की चेंडू हाती आलेल्या गड्याने पळायचे नाही. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. पळापळ झाली की धक्काबुक्की होते, म्हणून ही योजना. टोपलीला बूड होते, म्हणजे चेंडू आत पडला की तो वर जाऊन काढेपर्यंत सगळ्यांना आपोआप विश्रांती!

आता आजचे मैदान पहा. लांबी २८ मीटर, रुंदी १५. चेंडू ताब्यात आला की ८ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची, २४ सेकंदांच्या आत कडीकडे फेकायचा. हा बदल एका दिवसात झालेला नाही. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची मुभा हळूहळू मिळाली. पूर्वी प्रत्येक गुणानंतर चेंडू मधोमध आणून उंच उडवावा लागे. अमेरिकेत १९३७ मध्ये ती प्रथा बंद झाली आणि खेळातली हक्काची विश्रांती गेली. १९५४ साली तिकडच्या व्यावसायिक सामन्यांत २४ सेकंदांचे घड्याळ आले. आंतरराष्ट्रीय नियमांत १९५६ साली ३० सेकंदांची मर्यादा आली, ती २००० साली २४ वर उतरली. नियमाची एक ओळ बदलते आणि खेळाडूच्या छातीवरचा भार बदलतो, तो असा.

ऑस्ट्रेलियात १९९५ साली काही संशोधकांनी वरच्या दर्जाच्या सामन्यांत एकेका खेळाडूच्या हालचाली मोजल्या. एका सामन्यात सुमारे हजार वेळा खेळाडूची हालचाल बदलते असे दिसले. चालता चालता धावणे, धावता धावता थांबणे, उडी, आडवे सरकणे. म्हणजे दर दोन सेकंदांना काहीतरी नवे. त्यांतल्या शंभरावर हालचाली अगदी जीव तोडून केलेल्या. आणि गंमत अशी, की सरळ रेषेतली जोराची धाव जेमतेम दोन सेकंदांची. शंभर मीटर धावणाऱ्याचा वेग वेगळा, मॅरॅथॉन धावणाऱ्याचा दम वेगळा. बास्केटबॉलच्या गड्याला थोडा थोडा वेग पुनःपुन्हा लागतो, आणि दोन धावांच्या मध्ये दम परत यावा लागतो. हा जो ‘परत येणारा दम’, तो मोजायचा कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा इतिहास सांगताना मी आपल्या सातारा-सांगली भागावर थोडा अधिक रेंगाळणार आहे.

आपल्या भागाला अंगमेहनत नवी नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज हे सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा हे सांगली जिल्ह्यात. गावोगाव मारुतीच्या शेजारी तालीम, तालमीत लाल मातीचा हौदा, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. तालमीतल्या पोराला विचारा, तुझी तयारी किती? तो आकडा सांगेल. इतके जोर, इतक्या बैठका. वस्ताद तोंडाने मोजत, आणि त्या मोजणीत लबाडी चालत नसे.

या मोजणीला राजाश्रय मिळाला तो औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना सगळे बाळासाहेब म्हणत, हे विलक्षण गृहस्थ होते. पदवीधर, चित्रकार, चित्रसंग्रहाचे वेडे, आणि सूर्यनमस्कारांचे तर अखंड प्रचारक. त्यांचे संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांचे. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. पण त्या सर्व तुकड्यांतल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. १९५१ साली ते वारले. व्यायाम हा शाळेच्या वेळापत्रकाचा भाग आहे, मुलीही त्यात आल्या पाहिजेत, आणि तो रोज, मोजून झाला पाहिजे, हे त्यांनी आपल्या छोट्या राज्यात करून दाखवले.

मात्र जोर असोत वा नमस्कार, या मोजणीत घड्याळ नव्हते. किती केले ते कळे. किती वेळात केले, आणि त्यानंतर किती वेळाने श्वास जागेवर आला, हे कोणी लिहून ठेवत नसे. मेहनतीचा हिशोब होता, ताकदीचा अंदाज होता. वेगाचा आकडा मात्र नव्हता. त्याची गरजही वाटली नसावी, कारण कुस्तीत समोरचा पैलवानच तुमची परीक्षा घेतो.

घड्याळ आले ते दुसऱ्या वाटेने. स्प्रिंगफील्डच्याच संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक हे गृहस्थ मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी तेथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. नेस्मिथ यांनी जिथे टोपल्या ठोकल्या, तिथली परंपरा अशी थेट आपल्या देशात पोचली. बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीला झाली. देशाची संघटना १९५० साली स्थापन झाली. आपल्या राज्यात या खेळाचे खरे माहेरघर म्हणजे मुंबईतले नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनने, म्हणजे ज्या मिशनचे एक ठाणे एकोणिसाव्या शतकापासून आपल्या साताऱ्यातही होते त्याच मंडळींनी, तिथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वस्तीसाठी एक केंद्र उभारले. त्या केंद्राच्या छोट्याशा मैदानातून पुढे किती खेळाडू निघाले! भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर हे त्या नागपाड्याचेच. दाट वस्ती, अपुरी जागा. अशा ठिकाणी क्रिकेटचे मैदान कुठून आणणार? २८ बाय १५ चा तुकडा मात्र सापडतो. लहान गावांना हा खेळ परवडतो तो याचसाठी, आणि आपल्याकडे तो जितका रुजायला हवा होता तितका रुजला नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. तिथून शिकून आलेले शिक्षक गळ्यात शिट्टी आणि हातात थांबते घड्याळ घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळांत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५९-६० पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली. धावणे, उडी, फेक यांचे ठराविक मान, आणि ते गाठणाऱ्यांना प्रमाणपत्र. देशातल्या सामान्य माणसाला, मग तो खेळाडू असो वा नसो, ‘ये, तुझा वेग मोजू’ असे सरकारने म्हणण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग.

खरे सांगायचे तर, आपल्या खेड्यांना घड्याळाची धाव कळली ती खेळातून कमी आणि भरतीतून जास्त. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. आजही पहाटे कुठल्याही रस्त्याने जा, भरतीची पोरे पळताना दिसतील. सोळाशे मीटर किती मिनिटांत, शंभर मीटर किती सेकंदांत, हे त्यांना तोंडपाठ असते. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर असते, त्यांनाही. आकड्याच्या एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा एक वर्ष वाट पाहणे. चाचणी या शब्दाचे वजन आपल्याकडे घरातल्या चुलीपर्यंत पोचलेले आहे, ते हे असे.

पण भरतीची चाचणी आणि खेळाची चाचणी यांत फरक आहे. भरतीत उमेदवार निवडायचे असतात. खेळात, आधी निवडले तरी, पुढे घडवायचे असते. त्यासाठी कशाची तपासणी करतो आहोत ते नीट ठरवावे लागते. शास्त्रज्ञांनी या बाबतीत शंभर वर्षे डोके चालवले आहे. हार्वर्डचे डडली सार्जंट यांनी १९२१ साली एक साधी युक्ती सांगितली. माणसाने जागच्या जागी उंच उडी मारावी; उभे असताना हात जिथवर पोचतो आणि उडीत जिथवर पोचतो, त्यांतले अंतर मोजावे. पायांतला जोर कळतो. भिंत आणि खडू एवढेच साहित्य. बास्केटबॉलसाठी ही परीक्षा आजही चालते. १९६८ साली अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून दमाचे मान ठरवले. पुढे १९८२ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या लेजे यांनी वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये येरझारा घालायची चाचणी काढली. ध्वनिफितीवर ‘टूं’ वाजले की दुसऱ्या रेघेवर पोचायचे. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने, आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढतो. पहिल्या मिनिटाला सगळे हसत असतात. आठव्या-नवव्या मिनिटाला हसणारे फारसे उरत नाहीत.

या चाचण्यांनी दम कळतो. परंतु आपल्याला हवा आहे तो ‘परत येणारा दम’. त्यासाठी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनच्या विद्यापीठात १९९७ साली एक चाचणी तयार झाली. पस्तीस मीटर जिवाच्या आकांताने धावायचे, दहा सेकंद थांबायचे, पुन्हा धावायचे. अशा सहा धावा. प्रत्येकीचा वेळ लिहायचा. मग वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन, असे केले की त्या धावेतली शक्ती वॅटमध्ये मिळते. गणित ऐकून घाबरू नका, उदाहरण पाहू. मुलाचे वजन ६० किलो. पहिली धाव ५ सेकंदांत. पस्तिसाचा वर्ग १२२५, पाचाचा घन १२५. उत्तर आले ५८८ वॅट. सहावी धाव ६ सेकंदांत. सहाचा घन २१६. उत्तर साधारण ३४० वॅट. वेळ वाढला एकच सेकंद, पण शक्ती पाचांतले दोन हिस्से उतरली. प्रेक्षकाला वाटते, पोरगा थोडा हळू झाला. प्रत्यक्षात तो जवळजवळ रिकामा झालेला असतो.

हे जे दहा सेकंदांच्या विश्रांतीचे महत्त्व आहे, ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या माणसांना वेगळे समजावून सांगायला नको. खाशाबा जाधव हे त्या गावचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी बँटम वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेची हकीकत अशी सांगतात, की जपानच्या इशी यांच्याशी झालेली दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव यांच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने देय होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. इशी सुवर्ण घेऊन गेले, मामेदबेकोव रौप्य. कुस्ती आणि बास्केटबॉल यांचे गोत्र वेगळे, कबूल. पण आधीच्या झटापटीतून सावरायला किती वेळ लागतो आणि तो मिळतो की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आता चाचणीची दुसरी बाजू. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने क्रीडा प्रबोधिनीची योजना सुरू केली. लहान वयाची मुले निवडायची, त्यांना निवासी शिक्षण द्यायचे. निवड कशी? उंची, वजन, तीस मीटर धाव, सहा वेळा दहा मीटर येरझार, आठशे मीटर, जागेवरून लांब उडी, उंच उडी, भरलेला वजनी चेंडू फेकणे, पुढे वाकून हात पोचवणे. बास्केटबॉलच्या दृष्टीने या यादीत मला सर्वांत मोलाची वाटते ती दहा-दहा मीटरची येरझार. साठ मीटरांत पाच वेळा वळायचे असते, आणि वळताना कोण घसरतो, कोण कंबर खाली घेतो, हे घड्याळाआधी डोळ्यांना दिसते. उलट तीस मीटरची धाव पळत येऊन सुरू होते, म्हणजे माणसाचा चढलेला वेग तिने कळतो. बास्केटबॉलमध्ये तेवढा वेग चढेपर्यंत मैदान संपते! तिथे पहिली चार पावले कामाची.

याच चाचण्यांतून फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव नावाचा मुलगा गेला. आईवडील मोलमजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याला धावायला लावले, त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले, कारण अंगात ताकद कमी होती. प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, तरी शरीर किरकोळच. मग एका सरावात, वृत्तपत्रांतून आलेली हकीकत अशी, दहा मीटरांवरून कड्यात चेंडू टाकायला सांगितले, आणि त्याने दहाच्या दहा आत टाकले. तेव्हा त्याच्या हाती धनुष्य दिले गेले. २०१९ साली जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय तिरंदाजांत तो होता, आणि २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकला तो भारताकडून खेळला. केवळ धावेच्या आणि उडीच्या आकड्यांवर सोडले असते तर हा मुलगा कुठे असता, याचा विचार करून पहा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर हीसुद्धा आधी खो-खो खेळणारी. रिओला २०१६ साली ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. दहाबारा वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा हा आजचाच असतो. त्या वयात एका पावसाळ्यात पोर चार बोटे वाढते, मग पाय लांब होतात आणि काही महिने ते स्वतःच्याच पायांत अडखळते. नेमकी तेव्हा चाचणी घेतली तर काय दिसणार?

म्हणून माझा आग्रह असा, की चाचणी एकदा घेऊन तिच्यावर शिक्का मारू नये. इथे आपल्या तालमीची जुनी शिस्त उपयोगी पडते. वस्ताद एका दिवसाचे जोर मोजून कोणाला पैलवान म्हणत नसत की घरी पाठवत नसत. रोजच्या मोजणीतला चढउतार त्यांच्या ध्यानात असे. त्यांच्या ध्यानात जे असे, ते आपण वहीत लिहावे, इतकेच.

आणि त्यासाठी फार साहित्य लागत नाही. एक मोजपट्टी, चुना, एक थांबते घड्याळ. हल्ली तर ते खिशातल्या फोनमध्येच असते. मात्र हाताने घड्याळ दाबताना दोन-दशांश सेकंद इकडेतिकडे सहज होतात. दहा मीटरची एकच धाव दोन सेकंदांत संपते, तिच्यात ही चूक दहावा हिस्सा होऊन बसते. सहा येरझारांच्या पंधरा-सोळा सेकंदांत ती तितकी बोचत नाही. म्हणून शाळेने लांब येरझारच मोजावी, आणि घड्याळ दर वेळी त्याच माणसाच्या हाती द्यावे. पहिली चाचणी जूनमध्ये शाळा उघडल्यावर घ्यावी, पण पाऊस धरण्याच्या आत. दुसरी दिवाळीच्या सुटीआधी, तिसरी जानेवारीत. आकड्याशेजारी मुलाची त्या दिवसाची उंची आणि वजन लिहावे, बूट होते की अनवाणी ते लिहावे, आणि मैदान कोरडे होते की ओले तेही. साताऱ्यात जुलैमध्ये मातीच्या मैदानावर घेतलेली येरझार आणि जानेवारीतल्या टणक जमिनीवरची येरझार यांची तुलना केली, तर पोर सुधारले की जमीन वाळली, हे कोणालाच सांगता येणार नाही.